कागदावरची जहाजं

गेल्या महिन्यात भाचा आठ दिवस राहायला आला होता. वय वर्षे तेरा. सकाळी चहाचा कप तोंडाला लावतोय तोच प्रश्न आला, "मामा, एच-४४ आणि मोंटाना समोरासमोर आल्या तर कोण जिंकेल?"

मी कप खाली ठेवला. "कोणीच नाही. दोन्ही कधी बांधल्याच नाहीत."

त्याचा विश्वासच बसेना. त्याच्या संगणकावरच्या गेममध्ये अशी जहाजं दिमाखात फिरतात, तोफा डागतात, बुडतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मग त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात आखलेली, आकडेमोड झालेली, पण पाणी कधी न पाहिलेली जहाजं. सगळं ऐकून तो म्हणाला, "किती वाईट झालं ना मामा!"

आणि मी सवयीने म्हणालो, "हो ना."

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते 'हो ना' टोचायला लागलं. खरंच वाईट झालं का? लहानपणापासून युद्धनौकांचं वेड मलाही आहेच (घरच्यांना वेगळं सांगायला नको, दहावीच्या सुट्टीतली वही अजून कुणीतरी काढून दाखवतंच). त्यामुळे 'बांधली असती तर' हा खेळ मीही भरपूर खेळलोय. पण आता पन्नाशी ओलांडल्यावर मला वाटतं की त्यातली बहुतेक जहाजं बांधली नाहीत हेच उत्तम झालं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ती बांधली गेली नाहीत म्हणजे कुणीतरी 'नाही' म्हटलं होतं. त्या 'नाही' म्हणणाऱ्याला कोणत्याच गेममध्ये जागा नाही.

आधी जर्मनांकडे बघू. जानेवारी १९३९ मध्ये हिटलरने 'प्लान झेड' नावाच्या आरमारी योजनेला मंजुरी दिली. त्यात सहा अजस्र युद्धनौका होत्या, एच वर्गाच्या. प्रत्येकीवर ४०.६ सेंटिमीटरच्या आठ तोफा, आणि लांब पल्ल्यासाठी चक्क डिझेल इंजिनं. पहिलीची कील जुलै १९३९ मध्ये हॅम्बुर्गला ठेवली, दुसरीची त्यानंतर काही आठवड्यांत ब्रेमेनला. सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि ऑक्टोबरात काम थांबलं. पोलाद, माणसं, कारखाने सगळं पाणबुड्यांकडे वळवायचं होतं, कारण युद्धाच्या सुरुवातीला जर्मनीकडे पाणबुड्या होत्या फक्त ५७. डोनित्झला हव्या होत्या तीनशे.

इथपर्यंत गोष्ट शहाणपणाची आहे. जहाज थांबवलं, हिशेब पटला, संपलं. पण संपलं नाही ना! कागदावर जहाज वाढतच राहिलं. १९४१ ची एच-४१ आली तेव्हा तोफा ४२ सेंटिमीटरच्या झाल्या होत्या. मग एच-४२, एच-४३ आणि शेवटी १९४४ ची एच-४४. लांबी ३४५ मीटर, वजन सुमारे १,३०,००० टन, तोफा ५०.८ सेंटिमीटरच्या. बिस्मार्कच्या अडीच पटीहून जास्त! पाण्याखाली बारा मीटरहून खोल जाणारं हे धूड उत्तर समुद्राच्या उथळ किनाऱ्यावरच्या कुठल्या बंदरात आणि कुठल्या गोदीत ठेवायचं होतं, हे विचारायची गरजच नव्हती, कारण ते बांधायचा हुकूम कधी निघालाच नाही. नुसता अभ्यास.

आता जरा तारखा शेजारी ठेवून बघा. २६ मे १९४१ ला बिस्मार्कचं सुकाणू अडकलं ते कशामुळे? स्वोर्डफिश नावाच्या कापडी पंखांच्या, दुमजली पंखांच्या एका जुनाट विमानाने टाकलेल्या टॉर्पेडोमुळे. दुसऱ्या दिवशी बिस्मार्क तळाला. त्याच वर्षी १० डिसेंबरला जपानी विमानांनी इंग्रजांची प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स मलायाच्या समुद्रात दोन-अडीच तासांत बुडवल्या. म्हणजे विमानापुढे युद्धनौकेचं काही चालत नाही हे १९४१ सालीच सगळ्यांना दिसलं होतं. जानेवारी १९४३ मध्ये तर हिटलरने चिडून मोठी जहाजं मोडीतच काढायचा हुकूम दिला, आणि त्यावरून आरमारप्रमुख रेडरने पद सोडलं. आणि तरीही कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी पट्टी धरून आणखी जाड चिलखत, आणखी मोठी तोफ काढत बसलेलं होतं.

का? हा माझा तर्क, पुरावा नाही. साहेबाला भव्य गोष्टी आवडतात हे माहीत असलं की चित्र मोठं करत जाणं सर्वांत सोपं. आणि १९४४ साली जर्मनीत ड्रॉइंगच्या टेबलाशी बसून राहणं ही काही वाईट जागा नव्हती. "हे जहाज निरुपयोगी आहे" असं लिहून वर पाठवणं मात्र वाईट जागी नेणारं ठरू शकलं असतं. एच-४४ चं ड्रॉइंग बघून लोक जर्मन इंजिनियरिंगच्या गप्पा मारतात. मला त्यात इंजिनियरिंगपेक्षा ऑफिसच जास्त दिसतं.

एच वर्गाच्या तोफा मात्र खऱ्या झाल्या होत्या. जहाजंच नाहीत म्हटल्यावर त्या किनाऱ्यावर बसवल्या. काही फ्रान्समध्ये कॅलेजवळ, काही नॉर्वेत. नॉर्वेच्या उत्तरेला ट्रोंडेनेसला त्यातल्या चार आजही आहेत, एक तर आत जाऊन बघता येते. आमच्या गावातल्या एकाने हौसेने ट्रॅक्टरची ट्रॉली आधी घेतली आणि ट्रॅक्टर कधीच आला नाही. ट्रॉली अजून गोठ्याशेजारी आहे, त्यात कडबा ठेवतात. मला ट्रोंडेनेसचे फोटो पाहिले की तीच आठवते.

आता भाच्याच्या प्रश्नातली दुसरी, मोंटाना. अमेरिकेने जुलै १९४० मध्ये आरमार प्रचंड वाढवायचा कायदा केला, त्यात या वर्गाच्या पाच युद्धनौका मंजूर झाल्या. मोंटाना, ओहायो, मेन, न्यू हॅम्पशायर, लुइझियाना. सोळा इंची तोफा बारा. रुंदी १२१ फूट, आणि पनामा कालव्याची दारं ११० फुटांची. म्हणजे जहाज कालव्यातून जाणार नाही हे धरूनच चाललं होतं, कारण कालव्याला रुंद दारांची तिसरी रांग करायचं काम १९४० मध्ये सुरू झालंच होतं.

मग पर्ल हार्बर झालं, १९४२ चा जून आला, मिडवेची लढाई झाली आणि विमानवाहू जहाजांनी एकमेकांचं तोंडही न बघता युद्धाचा निकाल लावला. मोंटाना आधी स्थगित झाली आणि २१ जुलै १९४३ ला पाचही रद्द. एकीचीही कील ठेवली गेली नव्हती. पोलाद आणि गोद्या विमानवाहू जहाजांना, पाणबुड्या मारणाऱ्या छोट्या जहाजांना आणि सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्यांना गेल्या. कालव्याचं कामही १९४२ मध्येच थांबलं होतं. तो खणलेला भाग तसाच पडून राहिला आणि २०१६ मध्ये पनामाची नवी मोठी दारं उघडली तेव्हा त्या जुन्या खोदकामाचा काही भाग उपयोगी पडला. चौऱ्याहत्तर वर्षांनी!

यावर कुणी म्हणेल, अमेरिकेचं काय जातं, त्यांच्याकडे आयोवा वर्गाच्या तयार होत होत्या, एसेक्स वर्गाची विमानवाहू जहाजं पावासारखी भट्टीतून निघत होती, त्यांना पाच जहाजांवर पाणी सोडणं सोपं होतं. बरोबर आहे. पोट भरलेल्याला उपास सोपा जातो. पण मंजूर झालेलं, नावं ठेवलेलं, गोद्यांना वाटून दिलेलं काम युद्ध जिंकत असताना बंद करायचं म्हणजे काय असतं ते मला थोडंसं माहीत आहे. थोडंसंच. पण माहीत आहे.

आमच्या घरातल्या माळ्यावर एक लांब पत्र्याची नळकांडी आहे. नातेवाईक मंडळींना ती ठाऊक आहे, दर दिवाळीच्या साफसफाईत ती खाली येते, "हे अजून ठेवायचंय का?" हा प्रश्न येतो आणि ती पुन्हा वर जाते. त्यात माझी तीन वर्षं आहेत. नोकरीच्या सुरुवातीला मी एका कारखान्याच्या डिझाइन विभागात होतो, आणि आम्ही चौघं मिळून एका मोठ्या प्रेसचं डिझाइन करत होतो. आमच्या कारखान्याने तोवर केलेल्या कुठल्याही यंत्रापेक्षा मोठं. रात्री जागून ड्रॉइंग्ज केली, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मी घरी किती होतो हे सौ.ना विचारा (नका विचारू). आणि एका सोमवारी सकाळी साहेब आले, उभ्या उभ्याच म्हणाले, "प्रेसचं काम आजपासून बंद. फाईल्स जमा करा." कारण दोन वाक्यांत सांगितलं, ऑर्डरची खात्री नाही आणि पैसे दुसऱ्या कामाला लागणार आहेत. चहा न पिता निघून गेले.

त्या माणसावर मी किती वर्षं चिडून होतो! ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाला मी मुद्दाम गेलो नाही. आज याची लाज वाटते, पण तेव्हा वाटत होतं की याला दूरदृष्टी नाही, हिंमत नाही, हा नुसता जमाखर्चाचा माणूस. 'किती वाईट झालं ना' हे मी तेव्हा शंभर वेळा म्हटलं असेल. भाच्याच्या तोंडून तेच वाक्य आलं म्हणून तर झोप उडाली.

असो. जहाजांकडे परत येतो, कारण सर्वांत मजेदार जहाज राहिलंच आहे.

हे जहाज बर्फाचं होतं. थट्टा नाही. अटलांटिकच्या मध्यावर एक असा पट्टा होता जिथे दोन्ही किनाऱ्यांवरून विमानं पोचत नसत, आणि तिथे जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजांची अक्षरशः शिकार करत. १९४२ मध्ये जेफ्री पाइक नावाच्या एका विक्षिप्त इंग्रजाने सुचवलं की बर्फाचंच एक तरंगतं विमानतळ करा. पोलाद नको, टॉर्पेडो लागला तर भोक बर्फाने बुजवा. त्याचे साहेब होते माउंटबॅटन. हो, तेच, पुढे दिल्लीला आलेले. त्यांनी ते चर्चिलपर्यंत नेलं. योजनेला नाव दिलं हबक्कूक, बायबलमधल्या एका प्रेषिताचं, आणि सरकारी कागदांत ते नाव बऱ्याचदा चुकीचंच लिहिलं गेलं.

नुसता बर्फ ठिसूळ. पण त्यात सुमारे चौदा टक्के लाकडाचा लगदा घातला तर तो इतका चिवट होतो की पिस्तुलाची गोळी उलटून येते. याला 'पाइक्रीट' म्हणतात. १९४३ च्या ऑगस्टमध्ये क्विबेकच्या परिषदेत माउंटबॅटननी भर सभेत साध्या बर्फावर आणि पाइक्रीटवर गोळी झाडून दाखवली, आणि दुसरी गोळी उसळून अमेरिकन ॲडमिरल किंग यांच्या पँटला चाटून गेली असं सांगतात. लंडनच्या स्मिथफिल्ड मटण बाजाराखालच्या शीतगृहात, टांगलेल्या मांसाच्या पडद्याआड या बर्फाचे प्रयोग चालत. ते करणारा तरुण शास्त्रज्ञ होता मॅक्स पेरूत्झ. मूळचा ऑस्ट्रियन, म्हणून १९४० मध्ये इंग्रजांनी त्यालाच 'शत्रू नागरिक' ठरवून पकडून कॅनडाला धाडलं होतं! पुढे १९६२ मध्ये हिमोग्लोबिनच्या कामासाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि या पेरूत्झनेच या जहाजाची खरी दुखणी शोधली. बर्फ दिसतो घट्ट, पण स्वतःच्या वजनाखाली तो हळूहळू सरकतो, बसतो. तसं होऊ द्यायचं नसेल तर जहाज शून्याखाली पंधरा अंशांच्या आसपास गार ठेवायला हवं. म्हणजे आत गारव्याची यंत्रणा, नळ्यांचं जाळं, बाहेरून आवरण. म्हणजे पुन्हा पोलाद! कॅनडातल्या जॅस्परजवळच्या पॅट्रिशिया तळ्यावर साठ फूट लांब, हजार टनांचा एक नमुना बांधून पाहिला. बांधणारे लोक लढायला नकार दिलेले, त्याबदली मजुरी करणारे होते, आणि आपण काय बांधतोय हे त्यांना सांगितलंच नव्हतं. नमुना छान टिकला. पण दोन हजार फूट लांबीच्या खऱ्या जहाजाचा हिशेब मांडला तेव्हा लागणारं पोलाद, माणसं आणि वेळ यांचे आकडे फुगतच गेले. तोवर पोर्तुगालने अझोर्स बेटांवरचे तळ वापरायला दिले, विमानांचा पल्ला वाढला, छोटी विमानवाहू जहाजं भराभर आली. गरजच उरली नाही, आणि हबक्कूक बंद झालं.

मला हा वेडेपणा फार आवडतो, आणि एच-४४ अजिबात आवडत नाही. दोन्ही कागदावरचीच, दोन्ही अशक्य. पण हबक्कूकच्या लोकांनी आपली कल्पना मटणबाजारात नेली, तळ्यावर नेली, तिच्यावर गोळी झाडली, आणि आकडे विरोधात गेल्यावर ते आकडे लपवले नाहीत. एच-४४ ला कुणी कधी असा प्रश्नच विचारला नाही. म्हणूनच ती अजून निष्कलंक, अजिंक्य दिसते.

जी खरी झाली त्यांचं काय झालं तेही बघा. जपानची यामातो, जगात बांधलेली सर्वांत मोठी बॅटलशिप, ७ एप्रिल १९४५ ला विमानांनी बुडवली, जवळजवळ तीन हजार माणसांसकट. तिची तिसरी बहीण शिनानो अर्धवट असताना विमानवाहू करून घेतली, आणि सेवेत आल्यापासून दहा दिवसांत अमेरिकन पाणबुडीने संपवली. याहून मोठी, ५१ सेंटिमीटर तोफांची यामातो जपान्यांनी कागदावर काढलेली होती. ती बांधली असती तर त्या तीन हजारांत आणखी किती जणांची भर पडली असती? 'वाईट झालं ना' म्हणताना ही माणसं आपण मोजतच नाही. कागदी जहाजावर खलाशी नसतात.

आणि आता आपल्या मुंबईचं. विक्रांत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा मी लेकीला घेऊन बघायला गेलो होतो. डेकवर पाय भाजत होते. तिथे माहिती वाचताना पहिल्यांदा नीट लक्षात आलं की ही तर दुसऱ्या महायुद्धातली! १९४३ मध्ये इंग्लंडात टाइन नदीवर कील ठेवलेली, नाव हर्क्युलिस. इंग्रजांना भराभर, स्वस्तात विमानवाहू जहाजं हवी होती, म्हणून व्यापारी जहाजांच्या पद्धतीने सांगाडा बांधायचा, चिलखत जवळजवळ नाही, युद्धापुरतं टिकलं तरी पुरे, असं हे डिझाइन. फार तर तीन वर्षांचं आयुष्य धरलेलं. सप्टेंबर १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली तेव्हा युद्ध संपलं होतं. काम थांबलं. जवळजवळ दहा वर्षं ती अर्धवट पडून. तिची एक बहीण लेव्हायथन कधीच पुरी झाली नाही, १९६८ मध्ये भंगारात गेली. हर्क्युलिस आपण १९५७ मध्ये विकत घेतली, बेलफास्टला पुरी करून घेतली, आणि मार्च १९६१ मध्ये ती विक्रांत झाली. १९७१ मध्ये एक बॉयलर नादुरुस्त असतानाही तिच्यावरची सी हॉक विमानं चितगाव आणि कॉक्स बझारवर गेली. तीन वर्षांसाठी आखलेलं जहाज १९९७ पर्यंत, छत्तीस वर्षं सेवेत!

विराटची गोष्ट तर याहून गमतीची. १९४४ मध्ये कील ठेवली तेव्हा तिचं नाव होतं एलिफंट. त्याच वर्गात हर्मीस नावाचं दुसरं जहाज ठरलं होतं, ते १९४५ मध्ये रद्द झालं आणि त्याचं नाव एलिफंटला दिलं. म्हणजे आपण जी हर्मीस घेऊन विराट केली ती एका न बांधलेल्या जहाजाच्या नावावर आयुष्यभर फिरत होती.

आता माझ्या मताला विक्रांत थोडी अडचणीची आहे हे मला कळतं. तीही थांबवलीच होती की. ती पुरी झाली म्हणून आपल्याला मिळाली, आणि कुणी मोडीत काढली असती तर आज मीच हळहळलो असतो का? हळहळलो नसतो, कारण मला ती माहीतच नसती. रद्द झालेल्या चार-पाच साध्यासुध्या जहाजांसाठी कुणीच रडत नाही, रडतात ते एच-४४ साठी. मला खटकतं ते एवढंच.

भाचा जायच्या आदल्या दिवशी मी माळ्यावरून नळकांडी खाली काढली. सौ. म्हणाल्या, "आत्ता? दिवाळीला वेळ आहे अजून." हॉलमध्ये फरशीवर ड्रॉइंग पसरलं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. पंचवीस वर्षांनी ते पूर्ण उघडलं असेन. भाचा ओणवा होऊन बघत होता. "मामा, हे तू काढलंस?" त्याला खूप आवडलं. मलाही. रेघा काय सुंदर होत्या!

मग त्याला एकेक भाग समजावता समजावता माझं बोट एका जागी थांबलं. मुख्य शाफ्ट. तो दुरुस्तीसाठी बाहेर कसा काढायचा? डावीकडे शेडची भिंत, उजवीकडे मोटरचा पाया. मी वाटी सरकवली, चष्मा लावला, पट्टी आणली, मापं घेतली. शाफ्ट बाहेर निघतच नव्हता. बेअरिंग गेलं असतं तर भिंत पाडावी लागली असती.

"मग तेव्हा कुणाला कळलं नाही?" भाच्याने विचारलं.

"आम्हा चौघांना तर नाही."

"आणि तुझ्या साहेबांना?"

मी पट्टी अजून त्या भिंतीवरच धरून बसलो होतो. सौ. वाट्या परत मागत होत्या, जेवायची वेळ झाली होती.